गॉटलोब फ्रिक : तबकडींत उतरलेला खर्ज

मोत्सार्टच्या ‘दि एन्टफ्यूरुंग आउस देम सराइल’ ह्या ऑपेरांत ऑस्मिन नांवाचें एक पात्र आहे. तुर्की पाशाच्या वाड्याचा हा राखणदार तापट, संशयी आणि जितका क्रूर तितकाच हास्यास्पद. तिसऱ्या अंकांत पळून जाऊं पाहणारे कैदी हातीं सांपडतांच तो हर्षानें बेभान होऊन एक पद म्हणतो. त्या पदांत मोत्सार्टनें त्याला अशा एका खोल स्वरावर नेऊन उभें केलें आहे कीं, तेथें पोंचल्यावर सामान्य पुरुषाच्या कंठांतून नुसता श्वासच बाहेर पडावा. बरें, हा स्वर ओझरता घेऊन सुटका होत नाहीं. तो कित्येक मात्रा धरून ठेवावयाचा असतो. पाश्चात्य स्वरलिपींत त्याला खालचा ‘डी’ म्हणतात आणि त्याचीं कंपनें दर सेकंदास सुमारें ७३ भरतात.

मोत्सार्टनें ही भूमिका विशिष्ट गळा डोळ्यांपुढें ठेवूनच रचली होती. १७८२ सालीं व्हिएन्ना येथें ह्या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला, तेव्हां लुडविग फिशर ह्या जर्मन गायकानें ऑस्मिनचें काम केलें. फिशरच्या सुंदर मंद्र स्वरांना ह्या भूमिकेंत आपण मुद्दाम वाव दिला आहे, असें मोत्सार्टनें आदल्या वर्षीं वडिलांस पत्रानें कळविलें होतें. फिशरचा आवाज किती खालीं जात असे, हें त्या स्वरलिपीवरून आपणांस आजही बिनचूक सांगतां येतें. परंतु तो आवाज ऐकतांना अंगावर कांटा येई कीं हंसूं येई, तो मऊ होता कीं खरखरीत, हें मात्र कोणासही सांगतां यावयाचें नाहीं. कागदावर गळ्याचें माप उरतें, गळा उरत नाहीं.

ह्याच परंपरेंतील गॉटलोब फ्रिक ह्या गायकाचें नशीब फिशरहून निराळें ठरलें. १९५६ सालीं सर टॉमस बीचम ह्यांनीं लंडनमध्यें हा संपूर्ण ऑपेरा ध्वनिमुद्रित केला, त्यांत ऑस्मिन फ्रिक ह्यांनीं गायला आहे, आणि तो खालचा ‘डी’ आपण घरीं बसून हवा तितक्या वेळां ऐकूं शकतों.

पुरुषांच्या आवाजांचे पाश्चात्य संगीतांत टेनर, बॅरिटोन व बास असे तीन मुख्य वर्ग मानतात. बास हा सर्वांत खालचा. ऑपेरांत राजे, धर्मगुरु, म्हातारे बाप, तुरुंगाधिकारी, राक्षस आणि खलपुरुष हीं सारीं कामें बहुधा ह्याच्या वांट्यास येतात. नायिका मिळते ती टेनरला. जर्मन लोक ह्या वर्गांतही पुन्हां एक भेद करतात, आणि कांहीं आवाजांना ‘काळा बास’ म्हणतात. हा काळेपणा उंचीचा किंवा खोलीचा नव्हे, तो रंगाचा आहे. दोन गायक एकच स्वर लावतील. एकाचा उजेडांत उभा असल्यासारखा वाटेल, दुसऱ्याचा सावलींत. फ्रिक ह्यांचा आवाज जर्मनींतील सर्वांत काळा बास आहे, असें थोर वाद्यवृंदसंचालक फुर्टव्हेंगलर म्हणत, असें सांगतात.

असा आवाज तबकडीवर घेणें ही मुळींच सोपी गोष्ट नव्हती. तंबोरा लक्ष देऊन ऐकणाऱ्यांस हें सांगावयास नको कीं, खर्जाच्या तारेंतून केवळ खर्ज निघत नाहीं; त्याच तारेंतून स्वयंभू गंधारही उमटतो. मानवी कंठाचेंही तसेंच आहे. ७३ कंपनांचा स्वर लावला कीं त्याच्याबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वरही निघतात, आणि त्यांच्या कमीअधिक प्रमाणावरच आवाजाचा रंग ठरतो. १९२५ पर्यंतचें ध्वनिमुद्रण विजेशिवाय चाले. गायक एका कर्ण्याच्या तोंडाशीं उभा राहून गाई आणि त्याच्या आवाजाच्या जोरानेंच सुई मेणावर रेघ ओढी. दर सेकंदास सुमारें दोनशें कंपनांच्या खालचें फारसें कांहीं ह्या यंत्राला पकडतां येत नसे. म्हणजे ऑस्मिनच्या त्या ‘डी’चा मूळ स्वर नाहीं, त्याच्या दुप्पट कंपनांचा स्वरही नाहीं, मिळे तें वरचें वरचें. आतां आपला कान मोठा चतुर आहे. वरचे स्वर ऐकून तो खालचा स्वर मनांतल्या मनांत भरून काढतो, म्हणून जुन्या तबकडीवरही सुरावट चुकल्यासारखी वाटत नाहीं. परंतु अशा वेळीं सांगाडा हातीं येतो, मांस येत नाहीं. बर्लिनचे पॉल क्न्यूप्फर हे त्या काळचे मोठे बासगायक. ते १९२० सालीं वारले. त्यांच्या तबकड्या ऐकतांना शब्दोच्चार आणि गायनाची शिस्त स्पष्ट कळते, पण माणूस मात्र भिंतीपलीकडून गात असल्यासारखा वाटतो. (जातां जातां सांगावयास हरकत नाहीं कीं, कलकत्त्याचा कारखाना निघण्यापूर्वीं आपल्याकडील गायकांच्या तबकड्याही जर्मनींतल्या हॅनोव्हर येथेंच छापून येत.)

फ्रिक ह्यांचा जन्म १९०६ सालचा, व्युर्टेंबर्ग प्रांतांतील एल्ब्रॉन नांवाच्या खेड्यांतला. वडील वनरक्षक होते. १९२७ सालीं ते श्टुटगार्टच्या ऑपेरांत समूहगायक म्हणून लागले, १९३४ पासून कोबुर्ग येथें स्वतंत्र भूमिका करूं लागले, आणि पुढें ड्रेस्डेनच्या प्रसिद्ध संस्थेंत गेले. म्हणजे मायक्रोफोन येऊन स्थिर झाल्यानंतरच त्यांचा उदय झाला. तरीसुद्धां एका अडचणीनें गायकांना जखडून ठेवलें होतें. दर मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर चारसाडेचार मिनिटांहून अधिक गाणें मावत नसे. ही अडचण जर्मन नभोवाणीनें चुंबकीय फीत वापरावयास घेतली तेव्हां दूर झाली. १९४० नंतर ही फीत इतकी सुधारली कीं, तासच्या तास अखंड गाणें, आणि तेंही खरखरीशिवाय, तिच्यावर टिकूं लागलें.

फ्रिक ह्यांच्या ड्रेस्डेनमधील काळाचा मोठा भाग युद्धांत गेला. १९४५ च्या फेब्रुवारींत बाँबहल्ल्यानें तें नाट्यगृह जळून गेलें, पण संस्था दुसऱ्या जागीं गात राहिली. १९४८ सालीं योसेफ काइलबर्ट ह्यांच्या संचालनाखालीं ड्वोर्झाकच्या ‘रुसाल्का’चें जें ध्वनिमुद्रण तेथें झालें, त्यांत फ्रिक जलदेवाच्या भूमिकेंत आहेत. मुलगी मनुष्यलोकांत जाऊं पाहते आणि बाप तळ्याच्या तळाशीं बसून तिला बजावतो, असा हा प्रसंग. गाणें झेक नव्हे, जर्मन भाषांतरांतलें आहे, आणि ध्वनि आजच्या मानानें साधा आहे. परंतु बेचाळीस वर्षांच्या फ्रिक ह्यांचा आवाज ज्यांना त्याच्या भर तारुण्यांत ऐकावयाचा असेल त्यांनीं हें ऐकावें. मला तर त्यांच्या पुढील कित्येक नांवाजलेल्या तबकड्यांपेक्षां हा जलदेव अधिक जवळचा वाटतो. काळा म्हणून प्रसिद्ध असलेला आवाज येथें केवळ दुःखी आहे.

१९५० नंतर ते प्रथम बर्लिनला आणि मग म्युनिक व व्हिएन्ना येथें गाऊं लागले. नेमक्या ह्याच वेळीं दीर्घकाल वाजणाऱ्या तबकड्या युरोपभर पसरल्या, आणि कंपन्या एकेक पद न घेतां संपूर्ण ऑपेरे ध्वनिमुद्रित करूं लागल्या. ह्या बदलाचा लाभ बासगायकास सर्वांत अधिक झाला, असें माझें मत आहे. टेनरचीं पदें सुटीं करून विकतां येतात. बासचें मोठेपण बहुधा दुसऱ्याशीं चाललेल्या बोलण्यांत, वाट पाहण्यांत, गप्प उभें राहण्यांत असतें. तें चार मिनिटांच्या तबकडींत कसें मावावें?

१९५४ च्या शरद् ऋतूंत फुर्टव्हेंगलर ह्यांनीं व्हिएन्ना येथें वाग्नरचा ‘दि व्हालक्यूर’ हा ऑपेरा ध्वनिमुद्रित केला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ते वारले. त्यांत फ्रिक हुंडिंग आहेत. हुंडिंगची भूमिका लहान आहे. वादळांतून जीव वांचवून आलेला पाहुणा हा आपला शत्रु आहे असें त्याला कळतें. रात्रीपुरता तो त्यास अतिथिधर्म म्हणून आसरा देतो आणि सकाळीं द्वंद्वाला तयार राहावयास सांगतो. पुष्कळ गायक येथें गुरगुरतात. फ्रिक गुरगुरत नाहींत. ते पाहुण्यास विचारपूस करणाऱ्या यजमानासारखे रीतीला धरून बोलतात, व्यंजनें तेवढीं जराशीं अधिक घट्ट उच्चारतात, आणि त्या घट्टपणांतूनच खोलीत धमकी पसरत जाते. आवाजाचा काळेपणा ही निसर्गाची देणगी खरी, पण तो कोठें वापरावा हें शब्दांनीं ठरविलें आहे.

हाच विचार ‘ग्योटरडेमरुंग’मधील हागेनला लावून पाहावा. १९६४ सालीं गेओर्ग शोल्टी ह्यांच्या संचालनाखालीं व्हिएन्नाच्या सोफियनसालमध्यें डेक्का कंपनीनें हा ऑपेरा स्टीरिओ पद्धतीनें मुद्रित केला. निर्माते जॉन कलशॉ ह्यांना केवळ गाणें टिपावयाचें नव्हतें. डोळ्यांपुढें रंगमंच उभा राहावा अशी त्यांची जिद्द होती. दुसऱ्या अंकांत हागेन रणशिंग फुंकून आपल्या सरदारांना जमवितो. तेथें वाग्नरनें लिहिलेलीं बैलाच्या शिंगांचीं वाद्यें त्यांनीं वापरलीं. बी.बी.सी.नें ह्या कामाचें चित्रीकरण केलें, त्यामुळें फ्रिक काम कसें करीत हेंही आज पाहावयास मिळतें. त्या हांकेंत त्यांचा आवाज प्रचंड वाद्यवृंदाच्या वर येतो हें खरें. परंतु त्याआधींचे दोन प्रसंग मला अधिक मोलाचे वाटतात. पहिल्या अंकांत सर्वजण निघून गेल्यावर हागेन एकटाच पहाऱ्यावर बसतो. दुसऱ्याच्या आरंभीं, रात्रीं, त्याचा बाप आल्बेरिष त्याच्या स्वप्नांत आल्यासारखा येऊन विचारीत राहतो. आल्बेरिष गुस्टाव्ह नाइडलिंगर ह्यांनीं तीक्ष्ण, अस्वस्थ आवाजांत गायला आहे. फ्रिक त्याला अर्धवट झोपेंतल्यासारखीं, न हलतां, जवळ जवळ एकाच वजनाचीं उत्तरें देतात. द्वेषाला घाई नसते, हें ह्या पांचसात मिनिटांत जितकें पटतें तितकें त्या सगळ्या आरोळ्यांनीं पटत नाहीं. कर्ण्याच्या काळांत असें हळू गाणें यंत्रापर्यंत पोंचलेंच नसतें.

येथें एक शंका निघते, आणि ती रास्त आहे. मायक्रोफोन जवळ आणला तर लहान आवाजही मोठा करतां येतो. मग तबकडीवरून गायकाची खरी ताकद कशी ओळखावी? एकट्या तबकडीवरून ती ओळखतां येत नाहीं. परंतु बायरॉइट येथील प्रत्यक्ष प्रयोगांचीं नभोवाणीनें केलेलीं ध्वनिमुद्रणें शिल्लक आहेत. १९६० नंतरच्या वर्षांत रुडोल्फ केंपे ह्यांच्या संचालनाखालीं फ्रिक तेथें हागेन गात असत. तेथें वाद्यवृंद रंगमंचाखालच्या झांकलेल्या खड्ड्यांत बसतो, म्हणून गायकाला थोडी सवलत मिळते हें कबूल. पण तीं ऐकल्यावर डेक्काच्या यंत्रानें फ्रिक ह्यांना उसनें कांहीं दिलें नव्हतें, अशी माझी खात्री झाली.

खलपुरुषांच्याच भूमिका त्यांच्या वांट्यास आल्या असें मात्र नव्हे. १९६२ सालीं ऑटो क्लेंपरर ह्यांनीं लंडन येथें बेथोव्हेनचा ‘फिडेलिओ’ मुद्रित केला; त्यांत ते तुरुंगाधिकारी रोक्को आहेत. रोक्को दुष्ट नाहीं. नोकरी आणि पैसा जपणारा, वरिष्ठांना भिणारा संसारी मनुष्य आहे. एका निरपराध कैद्याची कबर खणावयास त्याला सांगतात, आणि तो खणूं लागतो. त्या युगुलगीतांत त्याच्या आवाजाखालीं मोठीं तंतुवाद्यें व काँट्राबसून रांगत असतात, आणि सगळेंच इतकें खालीं चालतें कीं, फावड्याची माती जणूं ऐकूं यावी. हागेनचाच हा गळा. पण येथें काळेपणाची जागा ओशाळेपणानें घेतली आहे. दोन वर्षांनीं क्लेंपरर ह्यांच्याच ‘झाउबरफ्ल्योट’मध्यें ते झारास्ट्रो झाले. तेथें संथ, लांब ओळींत श्वास पूर्वीइतका मोकळा राहिलेला नाहीं असें मला जाणवतें. शिवाय त्या संचांत गद्य संवाद गाळले आहेत, आणि शब्दांवर जगणाऱ्या गायकाचें त्यांत नुकसानच झालें आहे.

विनोदी भूमिका त्यांनीं पुष्कळ केल्या. स्मेटानाच्या ‘विकलेली नवरी’मधला लग्न जुळविणारा केत्साल, लोर्ट्सिंगच्या ‘त्सार उंड त्सिमरमान’मधला बढाईखोर नगराध्यक्ष, निकोलाईचा फाल्स्टाफ. सगळे श्रवणीय आहेत. केत्सालच्या जलद बोलण्यांत तर जीभ कोठें अडखळत नाहीं. १९६० सालीं, बर्लिनची भिंत उभी राहण्याच्या आदल्या वर्षीं, फ्रान्त्स कोन्व्हिच्नी ह्यांनीं पूर्व बर्लिनचा वाद्यवृंद घेऊन वाग्नरचे दोन ऑपेरे मुद्रित केले. दोहोंतही फ्रिक आहेत आणि दोहोंतही तरुण फ्रिट्स वुंडरलिष लहान भूमिकांत आहेत.

१९७० सालीं त्यांनीं रंगभूमीवरील नेहमींचें काम सोडलें. त्यानंतर, १९७१-७२ च्या हिंवाळ्यांत, शोल्टी ह्यांनीं त्यांना ‘पार्सिफाल’मधील वृद्ध गुर्नेमान्त्सच्या भूमिकेसाठीं बोलाविलें. ऑपेरांतील सर्वांत लांब बोलणारा बास तो हाच. पहिल्या अंकाचा बराचसा वेळ तो पूर्वीच्या हकीकती सांगत असतो. फ्रिक त्या वेळीं पासष्ट वर्षांचे होते. वरचे, लांब धरावयाचे स्वर थोडे हलतात. तें लपविण्याचा त्यांनीं किंवा यंत्रानें प्रयत्न केलेला दिसत नाहीं. परंतु तिसऱ्या अंकाच्या आरंभीं, वसंत ऋतूच्या पहाटे, झोंपडींतून बाहेर आलेला म्हातारा कांट्याकुट्यांच्या जाळींतून कण्हण्याचा आवाज ऐकतो, थांबतो, पुन्हां ऐकतो, आणि पुढें होऊन फांद्या बाजूला सारतो. तेवढ्यांत गाणें व बोलणें ह्यांच्या सीमेवर राहून ते जीं थोडीं वाक्यें उच्चारतात, त्यांत प्रत्येक अक्षर निरनिराळें ऐकूं येतें.