गट कशाने बनतो? : लिनक्स कर्नलमध्ये प्रोसेसच्या समूहाचा माग

एका प्रोसेसचा माग काढणं तसं सोपं असतं. आज आपण प्रश्न थोडा वाढवू: एका प्रोसेसचा नव्हे, अख्ख्या गटाचा माग काढायचा असेल तर? प्रश्न तांत्रिक वाटतो खरा, पण आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना त्याच्या पोटात एक जुनाच प्रश्न दिसतो. गट म्हणजे नेमकं काय?

आधी अडचण समजून घेऊ. समजा, एका सर्व्हरवर तीन सेवा चालू आहेत आणि डिस्कला क्षणाची उसंत नाही. एवढं लिहितंय कोण? प्रत्येक सेवा म्हणजे एकच प्रोसेस असती, तर तिचा क्रमांक, म्हणजे पीआयडी, धरून बसलो असतो. पण सेवेला मुलं होतात, मुलांना मुलं होतात. त्यातली काही डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतात. ‘हा क्रमांक कोणाचा?’ असं आपण बाहेरून विचारायला जावं, तर तिची नोंदही पुसली गेलेली असते. शिवाय क्रमांक पुन्हा वापरले जातात. लिनक्समध्ये त्यांची नेहमीची मर्यादा बराच काळ 32,768 होती. ती गाठली की मोजणी पुन्हा खालून सुरू होते आणि मोकळा झालेला क्रमांक दुसऱ्याच प्रोसेसला मिळतो. म्हणजे पीआयडी हे उसनं नाव आहे, कायमची ओळख नाही.

म्हणून, एखादी घटना आपल्या गटातली की नाही, हा निर्णय ती घडते त्याच क्षणी, कर्नलच्या आतच व्हायला हवा. पण कोणत्या आधारावर? याची तीन उत्तरं आहेत.

पहिलं, वंश. स्टीव्हन रोस्टेड यांचं एफट्रेस 2008 मध्ये कर्नलच्या 2.6.27 आवृत्तीत आलं. आज त्यात ‘सेट इव्हेंट पीआयडी’ या फाईलीत मूळ पुरुषाचा क्रमांक लिहायचा आणि ‘इव्हेंट-फोर्क’ हा पर्याय चालू करायचा. मग जन्मणारं प्रत्येक मूल यादीत आपोआप येतं, संपलं की यादीतून जातं. एखादा मोठा प्रोग्रॅम कंपाइल करताना हजारो अल्पायुषी प्रोसेस निघतात, तिथे हे उत्तम. पण पर्याय चालू करण्याआधी जन्मलेली मुलं यादीत नसतात. ती मागाहून शोधावीत, तर आई आधी संपलेल्या मुलाला सहसा पहिल्या क्रमांकाची प्रोसेस दत्तक घेते. वंशावळीचा धागा तिथेच तुटतो.

दुसरं, घोषणा. युनिक्सचे प्रोसेस ग्रुप आणि सेशन या जातीचे. कंट्रोल-सी दाबल्यावर पाइपने जोडलेल्या सगळ्या कमांड एकदम थांबतात, त्या यामुळेच. पण इथे प्रोसेस स्वतःहून नवं सेशन काढून वेगळी होऊ शकते, आणि पार्श्वभूमीला राहणाऱ्या सेवा मुद्दाम तसं करतात. ज्याची चौकशी करायची, त्यालाच चौकशीतून उठून जायची मुभा!

तिसरं, हजेरीपट. हाच सीग्रुप. गूगलमधल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी 2006 मध्ये हे काम सुरू केलं, आणि जानेवारी 2008 च्या 2.6.24 आवृत्तीत ते कर्नलमध्ये दाखल झालं. मूल साधारणपणे आईच्याच सीग्रुपमध्ये जन्मतं. सेशन बदललं तरी हजेरी बदलत नाही, आणि दुसरीकडे नाव घालायचं तर तसा अधिकार लागतो. मिलिंद राजा आणि नागसेन यांच्या संवादातला रथ आठवा: चाक, आस, जू यांपलीकडे रथ असा वेगळा कुठे असतो? प्रोसेस ग्रुप त्या रथासारखा, शेवटचा सदस्य गेला की तोही गेला. सीग्रुप मात्र रिकामा झाला तरी राहतो. आपल्याला हवा तो हाच गट, सदस्यांवर न विसंबणारा. 2018 च्या 4.18 आवृत्तीपासून ईबीपीएफ प्रोग्रॅमला घटनेच्या क्षणीच विचारता येतं, की आत्ता चालू असलेली प्रोसेस कोणत्या सीग्रुपमधली?

आता पुन्हा आपल्या डिस्ककडे येऊ, कारण खरी फसगत इथेच होते. प्रोसेस ‘लिही’ म्हणते तेव्हा मजकूर बहुधा आधी मेमरीत साठतो. डिस्कवर तो नंतर जातो, आणि नेणारा असतो कर्नलचा स्वतःचा कामगार धागा. आपण डिस्कपाशी पहारा ठेवून ‘आत्ता कोण चालू आहे?’ असं विचारलं, तर उत्तर येईल: कामगार. उत्तर खरं, पण दोष भलत्याच्या माथी! कर्म एकाचं, ते प्रत्यक्षात उतरवणारा दुसरा, आणि दोघांमध्ये काळाचं अंतर. म्हणून पहारा लेखनाच्या सिस्टीम कॉलपाशी बसवावा. नाहीतर 2016 मध्ये 4.5 आवृत्तीत अधिकृत झालेल्या दुसऱ्या पिढीच्या सीग्रुपचा हिशेब पाहावा. त्यात मेमरी आणि डिस्क यांचे नियंत्रक मिळून, फाईलसिस्टीमची साथ असेल तर, हे उशिराचं लेखनही मूळ गटाच्या खात्यावर मांडतात.

तेव्हा माग काढायला बसण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्या. गट कोण राखतो, सदस्य स्वतः की कर्नल? आणि आपण जिथे पाहतो आहोत, तिथे कर्ता हजर आहे का? हे न ठरवता आकडे गोळा केले, तर आकडे बरोबर येतील आणि बंद मात्र निर्दोष सेवा केली जाईल. इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.