कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय? आधी वही काढा!

शिकवणीच्या मुलांच्या फीचा हिशेब, भिशीची यादी, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी, लेकीच्या बारशापासून लग्नापर्यंतचे फोटो... हे सारं हल्ली कुठं असतं? कपाटात नव्हे, कॉम्प्युटरमध्ये! आणि नेमकं काम रंगात आलं की समोरचा पडदा निळा होतो, नाहीतर सगळा कारभार एकदम थंड पडतो. पुन्हा सुरू करावा, तर तासाभरात तेच.

मग घरात नेहमीचा संवाद सुरू होतो. मुलं म्हणतात, "आई, तू काहीतरी भलतंच दाबलं असशील." 'हे' म्हणतात, "जुना झालाय, नवा घेऊन टाकू." आणि बोलावलेला दुरुस्तीवाला पाच मिनिटं इकडंतिकडं बघून सांगतो, "वहिनी, फॉर्मॅट मारावा लागेल."

फॉर्मॅट मारणं म्हणजे पाटी पुसून कोरी करणं. मैत्रिणींनो, त्या पाटीवर तुमची वर्षानुवर्षांची मेहनत असते! शिवाय दोष जर पंख्यातल्या धुळीचा किंवा सैल प्लगचा असेल, तर पाटी पुसूनही आठ दिवसांत दुखणं परत हजर. तेव्हा फॉर्मॅट हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. त्याआधी घरच्या घरी करण्यासारखं बरंच काही आहे.

चीजवस्तू आधी हलवा

घर गळायला लागलं की आपण आधी कौलं शाकारत नाही. धान्य आणि अंथरुणं कोरड्या जागी नेतो. इथंही तसंच. कॉम्प्युटर जेवढा वेळ चालतो, तेवढ्यात महत्त्वाचे कागद आणि फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. "माझं सगळं 'डी' ड्राइव्हवर आहे, काळजी नाही," असं पुष्कळजणी म्हणतात. पण 'सी' आणि 'डी' हे बहुधा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले! आणि आतून टक्-टक् किंवा खरखर आवाज येत असेल, तर बाकीचे प्रयोग नकोतच. सर्वात मोलाचं ते प्रथम उतरवा आणि यंत्र बंद करा.

मग वही

मुलाला ताप आला की डॉक्टर काय विचारतात? कधी येतो, किती वेळ राहतो, त्याआधी काय खाल्लं होतं. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. एक छोटी वही त्याच्याशेजारी ठेवा. बंद पडला की तारीख, वेळ, सुरू करून किती वेळ झाला होता, तुम्ही काय करत होतात आणि पडद्यावर कोणती अक्षरं आली, एवढं लिहा. पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला तर आणखी उत्तम.

ही पद्धत काही आजची नाही, बरं का! 9 सप्टेंबर 1947 रोजी अमेरिकेत 'हार्वर्ड मार्क टू' नावाचा खोलीभर मोठा कॉम्प्युटर चालेना. शोधता शोधता एका रिलेत अडकलेला पतंग सापडला. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने रोजच्या नोंदवहीत चिकटवून टाकला! ती वही आजही अमेरिकेच्या संग्रहालयात जपलेली आहे. एवढ्या जाणत्या लोकांना नोंदवही लागत होती, मग आपल्याला का नको?

विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये अशी एक वही आपोआपही लिहिली जाते. स्टार्टच्या शोधपट्टीत 'रिलायबिलिटी' टाइप केलंत, की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' असा पर्याय दिसेल. कोणत्या दिवशी काय कोसळलं, ते तिथं तारखेवार लाल फुलीने दाखवलेलं असतं.

वही काय सांगते?

*पाण्याचा पंप, मिक्सर किंवा फ्रिज सुरू होताना बंद पडतो:* संशय विजेवर. कॉम्प्युटर भिंतीतल्या चांगल्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटवर स्वतंत्र लावा. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर इस्त्रीही आणि कॉम्प्युटरही नको. मागची वायर घट्ट बसली आहे का, ते पाहा. जुन्या यूपीएसची बॅटरी दमलेली असते. तो दिवसभर बाजूला काढून पाहा, फरक कळेल.

*सुरू केल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने, विशेषतः दुपारी, बंद पडतो:* उष्णता. आतलं तापमान प्रमाणाबाहेर गेलं, की कॉम्प्युटर जीव वाचवण्यासाठी स्वतःच बंद होतो. डबा भिंतीपासून आणि पडद्यापासून वीतभर दूर ठेवा. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नका, खालच्या झरोक्यांतून हवा जात नाही. साफसफाई करायची तर आधी प्लग काढा, बाजूचं झाकण उघडा, पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा आणि कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा. ओलं फडकं वापरू नका. वीजपुरवठ्याची जी बंद पेटी असते, ती मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहते.

*वेळी-अवेळी, दर वेळी वेगळाच संदेश देऊन बंद पडतो:* रॅमची पट्टी सैल किंवा खराब असू शकते. पडद्यावर 'मेमरी मॅनेजमेंट' अशी अक्षरं आली तरी आधी तिलाच तपासा. 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' ही तपासणी विंडोजमध्येच फुकट असते. रात्री जेवणं उरकताना लावून द्यावी. दोष निघाला तर पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवल्यानेही कधीकधी काम भागतं. पट्ट्या दोन असतील, तर एकेक ठेवून चालवून पाहावं.

*फाइल उघडताना घुटमळतो, मग अडकतो:* डिस्क भरत आली आहे किंवा थकली आहे. नको ते काढून जागा करा. तरीही थांबला नाही, तर डिस्क बदलण्याची तयारी ठेवा.

*नवा प्रिंटर, नवा प्रोग्राम किंवा अपडेट आल्यापासून सुरू झालं:* यंत्र धडधाकट, दोष पाहुण्याचा! शिफ्टचं बटण दाबून धरून रीस्टार्ट करा, तिथून 'सेफ मोड'मध्ये शिरा आणि शेवटी आलेला पाहुणा काढून टाका. असं मोठमोठ्यांचंही होतं. 19 जुलै 2024 रोजी 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पाडले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले!

एका वेळी मात्र एकच बदल करा आणि दोन-तीन दिवस वाट पाहा. आमटीत मीठ, गूळ, चिंच एकदमच घातली, तर काय जास्त झालं हे कसं कळणार?

निळा पडदा आणि फसवा पडदा

पूर्वीपासूनचा निळा पडदा मायक्रोसॉफ्टने 2025 मध्ये विंडोज 11 साठी काळा केला. तेव्हा काळा दिसला म्हणून दचकू नका. पण एक खूणगाठ बांधून ठेवा: खऱ्या पडद्यावर फोन नंबर कधीच नसतो. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा," असं दिसलं, तर ती शुद्ध फसवणूक. फोन करू नका, कुणाला कॉम्प्युटरचा ताबा देऊ नका. ओटीपी तर नाहीच नाही! पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच 1930 या सरकारी मदत क्रमांकावर कळवा.

आणखी एक. विंडोज 10 ची नेहमीची मोफत देखभाल 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. तुमचा कॉम्प्युटर त्यावर चालत असेल, तर दुरुस्तीवर मोठा खर्च करण्याआधी तो विंडोज 11 ला चालेल का, हे विचारून घ्या.

दुरुस्तीवाला येतो तेव्हा

एवढं करूनही भागलं नाही, तर जरूर बोलवा. पण त्याच्यापुढं वही ठेवा आणि विचारा: "दोष नेमका कशात आहे? तो कसा ओळखलात? फॉर्मॅट केला तर माझ्या फाइली कुठं ठेवणार? बदललेला भाग मला परत द्याल ना?" जाणता कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं. जो रागावतो, त्याच्या हाती आपली चीजवस्तू न दिलेलीच बरी.

घरातलं दूध किती वेळात उतू जातं आणि कोणत्या नळाचा वॉशर गेलाय, हे आवाजावरून ओळखणाऱ्या आपण. त्याच कानांनी आणि डोळ्यांनी या डब्याकडंही पाहा. आज संध्याकाळी फक्त दोन कामं करा: फोटो आणि हिशेब बाहेर उतरवून घ्या आणि एक शंभर पानी वही कॉम्प्युटरशेजारी ठेवा. बाकीचं ती वही सांगेल.