बोलायचे थांबणे आणि बोलायला थांबणे

'आय एन्जॉय टू रीड' हे वाक्य मुलांच्या वह्यांत हमखास सापडते. आपण त्याखाली लाल रेघ मारतो आणि 'एन्जॉय रीडिंग' असे लिहून देतो. पण एखाद्या मुलीने विचारले, "मग 'वॉन्ट रीडिंग' का चालत नाही?" तर? 'या दोन याद्या पाठ करा' हे काही तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

खरे तर मुलांची चूक तर्काला धरूनच असते. मराठीत 'वाचायला आवडते', 'वाचायला सांगितले', 'वाचायला लागलो' असे सगळीकडे एकच रूप चालते. आता ही वाक्ये पहा : 'बाई बोलायच्या थांबल्या' आणि 'बाई बोलायला थांबल्या'. पहिल्या वाक्यात बोलणे संपले. दुसऱ्यात ते अजून व्हायचे आहे. इंग्रजीत पहिल्यासाठी 'स्टॉप्ड टॉकिंग', दुसऱ्यासाठी 'स्टॉप्ड टू टॉक'. म्हणजे हा फरक आपल्या मुलांना परका नाही.

'टू' हा मुळात दिशा दाखवणारा शब्द, आपल्या 'कडे'सारखा. म्हणून पुढे व्हायच्या क्रियेशी त्याचे जमते : वॉन्ट, होप, डिसाइड, प्रॉमिस. 'इंग'चे रूप मुळात नाम. चालू असलेल्या किंवा घडून गेलेल्या क्रियेला ते नाव देते : एन्जॉय, फिनिश, ॲडमिट. 'रिमेंबर टू लॉक' म्हणजे कुलूप लावायची आठवण ठेव. 'रिमेंबर लॉकिंग' म्हणजे कुलूप लावल्याचे आठवते.

हा नियम सगळीकडे लागू पडतो का? नाही. 'सजेस्ट' आणि 'पोस्टपोन' यांत क्रिया पुढची, तरी 'इंग' येते. 'मॅनेज्ड' मध्ये काम झालेले, तरी 'टू' येतो. अशी क्रियापदे मात्र लक्षातच ठेवावी लागतात.

'लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू' मध्ये तर दोन्ही दिसतात! इथे 'टू'पुढे एखादे नाम ठेवून पहा. 'लुक फॉरवर्ड टू द हॉलिडेज' चालते. म्हणजे हा 'टू' शब्दयोगी आहे आणि त्यापुढे 'इंग'च हवे. 'वॉन्ट टू द हॉलिडेज' मात्र चालत नाही.

वर्गात एक प्रयोग करा. मुलांना इंग्रजीच्या धड्यांतून अशी वीस वाक्ये शोधू द्या आणि तीन रकान्यांत लिहू द्या : 'टू', 'इंग' आणि 'अंदाज चुकला'. तिसऱ्या रकान्यावर सर्वांत जास्त वेळ द्या. निरीक्षण, अंदाज आणि पडताळा ही विज्ञानाची रीत व्याकरणाच्या तासालाही शिकता येते.