‘रॅमला मी हातच लावला नाही!’

मधुमेही माणसाच्या पायाची जखम भरते आहे की चिघळते आहे, हे एका दिवसात कळत नाही. दर आठवड्याला त्याच कोनातून, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायचा आणि मागच्या फोटोशी ताडून पाहायचा. २००९ च्या सुमारास मी हे साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर करत असे. फोटो घरच्या कॉम्प्युटरवर उतरवायचे, कार्ड पुसायचं आणि पुन्हा ओपीडीत न्यायचं. (रुग्णांचे फोटो असे घरी नेणं बरोबर नव्हतं, आज मी ते करणार नाही.)

एका रविवारी जुने फोटो चाळताना अकरा फोटो बिघडलेले दिसले. वर टाच अगदी स्वच्छ, मध्येच एक रेघ आणि खाली सगळं जांभळं-हिरवं. डीव्हीडीवरच्या बॅकअपमध्येही तेच. कॅमेरा तपासला, कार्ड बदललं, व्हायरस शोधला. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नव्हता, त्यामुळे संशय त्याच्यावर गेलाच नाही. शेवटी भाच्याला फोन केला. तो तेव्हा इंजिनिअरिंगला होता आणि सुट्टीत येऊन ते यंत्र त्यानेच जुळवून दिलं होतं.

“मामा, प्रोसेसर थोडा पळवलाय. पण रॅमला मी हातच लावला नाही!”

नेमकं तेच चुकलं होतं.

त्या यंत्रात इंटेलचा कोअर टू ड्युओ ई८४०० प्रोसेसर होता. मदरबोर्ड ३३३ मेगाहर्ट्झचा ठोका देतो, प्रोसेसर त्याला नऊने गुणतो आणि ३ गिगाहर्ट्झची गती मिळते. भाच्याने ठोका ४०० वर नेला, गती झाली ३.६. पैसा न घालता वीस टक्के वाढ! पण रॅमही त्याच ठोक्यावर चालते. बायोसमध्ये ठोका आणि रॅम यांचं प्रमाण ५:६ होतं, म्हणजे ३३३ ला रॅम ४००. डीडीआर रॅम एका ठोक्यात दोनदा माहिती देते, म्हणून तिच्यावर ८०० असं लिहिलेलं असतं. ठोका ४०० झाला तसं त्याच प्रमाणाने रॅमला ४८० वर नेलं. ८०० ची रॅम ९६० ने धावू लागली. न विचारता.

रॅमला वेग का सोसत नाही, हे डॉक्टरला पटकन समजावं. नाडी फार जलद झाली की दोन ठोक्यांमध्ये हृदय भरायला वेळ पुरत नाही. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे विजेचा भार साठवणारा अतिसूक्ष्म कॅपॅसिटर. तो भार वाचायला ठरावीक वेळ लागतो. हा वेळ ‘टायमिंग’ म्हणून ठोक्यांत मोजतात, आणि घोटाळा इथेच होतो. लपंडावात पाचपर्यंत मोजायचं ठरलं आणि राज्य असलेल्याने भराभर मोजलं, तर लपणाऱ्याला वेळ कमी मिळतो. ४०० मेगाहर्ट्झला पाच ठोके म्हणजे १२.५ नॅनोसेकंद, ४८० ला तेच पाच ठोके १०.४ मध्ये संपतात. पाचाचे सहा केले की पुन्हा १२.५. तरीही बाकीचं सर्किट ९६० झेपणारं असेलच, असं नाही.

फोटो कार्डावरून डिस्कवर जाताना रॅममधूनच जातो. वाटेत एक बिट उलटला, तर डिस्क तो चुकीचा बिट इमानदारीने लिहून ठेवते. जेपेग फोटोत त्या जागेपासून पुढचा उलगडाच चुकतो. फोटोत ते डोळ्यांना दिसलं तरी. साखरेच्या आकड्यात २०० चे १३६ व्हायला एकच बिट पुरतो, आणि तो आकडा काही जांभळा दिसत नाही.

भाच्याने नंतर केलं ते आधी करायला हवं होतं. प्रमाण १:१ केलं, प्रोसेसर ३.६ वरच, रॅम मात्र आपल्या ८०० वर परत. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवलं. आधी ९६० ला चुकांची लाल यादी आली होती, आता एकही नाही. ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांनी हाच क्रम ठेवावा: सुरुवातीला रॅम मुद्दाम हळू आणि टायमिंग सैल ठेवायचं, प्रोसेसरची मर्यादा शोधून ती पक्की करायची, मग रॅमकडे वळायचं. दोन औषधं एकदम बदलली तर पुरळ कशाने आलं, हे कोण सांगणार? आणि रॅमच्या चाचणीत ‘फक्त दोन चुका’ हा निकाल नापासच. व्होल्टेज वाढवून चुका दाबण्याचा मोह मला तर ताप उतरवून निदान टाळण्यासारखा वाटतो.

आजच्या खुल्या प्रोसेसरमध्ये गुणक वाढवता येतो, त्यामुळे रॅम आपोआप ओढली जात नाही. पण एक्सएमपी नावाचं एक बटण असतं. ते दाबलं की डीडीआर४ रॅम २१३३ वरून एकदम ३२०० वर जाते, व्होल्टेज १.२ ऐवजी बहुधा १.३५ होतं. अनेकांना तेही ओव्हरक्लॉकिंगच आहे हे ठाऊक नसतं. सर्व्हरमध्ये चूक ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम असते. गुगलच्या सर्व्हरचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक रॅम-मॉड्यूलमध्ये निदान एक तरी चूक सापडली होती, तीही न पळवता. घरच्या बहुतेक यंत्रांत ती मोजायचीच सोय नसते.

उष्णतेचंही आहे. कॅपॅसिटरमधला भार गळतो, म्हणून तो दर ६४ मिलिसेकंदांत नव्याने भरावा लागतो. ८५ अंशांपुढे गळती इतकी वाढते की ३२ मध्ये भरावा लागतो. जानेवारीच्या रात्री पास झालेली रॅम विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी पुन्हा तपासावी. आम्ही तपासली, पंखा बंद करूनही तपासली.

अकरा फोटोंमधले रुग्ण मी परत बोलावले. नऊ आले. एका आजोबांची जखम तोवर भरून आली होती, त्यांनी हसत पाय पुढे केला. दोघांचा पत्ता बदलला होता. त्यांच्यापैकी एकाच्या शेवटच्या फोटोत टाचेखालचा नेमका तो भाग जांभळा आहे.