आधी वाचवलं, मग मारलं... चालेल?

अमेरिकेतली रानटर्की संपता संपता वाचली. तिला परत आणण्यात मोठा वाटा चक्क शिकाऱ्यांचा. आता मात्र पानगळीतल्या शिकारीवरून त्यांच्यातच जुंपलीय.

'वीकेंडला काय केलंस?' या प्रश्नाला आपल्याकडच्या ऑफिसात ठरलेली उत्तरं असतात. मूव्ही, मॉल, मिसळ, फार तर सिंहगड. पिट्सबर्गच्या माझ्या ऑफिसात नोव्हेंबरातल्या सोमवारी एक भलतंच उत्तर कानावर येतं, 'टर्की मारायला गेलो होतो.' आणि हे सांगणारा कुणी दांडग्या मिशांचा डाकू नसतो. तो आमच्या टीममधला डेटाबेसवाला असतो. शाकाहारी सहकाऱ्यासाठी पिझ्झा आठवणीने वेगळा मागवणारा!

आपण वाढलो ते १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या देशात. शिकारी म्हणजे व्हिलन, विषय संपला. त्यामुळे पहिल्या वर्षी मी त्याच्याशी कडाकडा भांडलो. त्याने शांतपणे विचारलं, "हे पाखरू आज जंगलात आहे, ते कुणाच्या पैशाने, माहितीय?" मग मी वाचत गेलो. आणि प्रकरण वाटलं होतं तेवढं सरळ राहिलं नाही, राव.

गेलेलं पाखरू परत आलं

युरोपियन आले तेव्हा अमेरिकेच्या जंगलांत टर्की लाखोंनी होती. मग जंगलं तुटली, बाजारात विकण्यासाठी बेसुमार शिकार झाली. मॅसॅच्युसेट्समधली शेवटची रानटर्की १८५१मध्ये मारली गेली. १९३०च्या दशकापर्यंत देशभरात उरली किती? अंदाज ३० हजारांपासून दोन लाखांपर्यंत आहेत. कुठलाही धरा, खंडाएवढ्या देशात हा आकडा म्हणजे चिल्लरच.

१९३७मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा आला. शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवरचा कर (आज ११ टक्के) थेट राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळू लागला. शिकारीच्या परवान्याची फी दुसरीकडे वळवायची नाही, ही त्याची अट. थोडक्यात, ज्याने काडतूस घेतलं, त्याने जंगलाचं बिलही भरलं.

पैसा आला, पण आधी जुगाड फसला. पिंजऱ्यात वाढवलेल्या टर्की जंगलात सोडल्या गेल्या. पेनसिल्व्हेनियात तर हे कित्येक दशकं चाललं. बिचाऱ्यांना ना कोल्हा कळे, ना घुबड. खरा तोडगा निघाला १९५०च्या दशकात. रानातल्याच थव्यावर छोट्या तोफांनी जाळं उडवायचं, पकडलेली अस्सल रानटी पाखरं खोक्यात भरायची आणि रिकाम्या जंगलात नेऊन सोडायची. मॅसॅच्युसेट्सने १९७२-७३मध्ये न्यू यॉर्कहून ३७ पाखरं आणली. आज त्या राज्यात त्यांची संख्या काही दहा हजारांत आहे, आणि बॉस्टनच्या उपनगरांत टर्की पोस्टमनच्या मागे लागतात! १९७३मध्ये शिकाऱ्यांची नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन स्थापन झाली. या शतकाच्या सुरुवातीला देशातली संख्या साठ लाखांच्या पुढे गेली होती.

वसंत वेगळा, पानगळ वेगळी

इथे खरी गंमत सुरू होते. टर्कीची शिकार वर्षातून दोनदा होते. वसंतात साधारणपणे फक्त नर मारता येतो, छातीवरून दाढी लोंबणारा. एक नर अनेक माद्यांशी जुळतो. त्यामुळे जुगण्याचा काळ उलटत आला की काही नर कमी झाले तरी पुढची पिढी फारशी अडत नाही. (हा मोसम फार लवकर उघडतो का, यावर हल्ली वाद आहेच.)

पानगळीत मात्र अनेक राज्यांत नर-मादी काहीही चालतं. तिथेच मेख आहे. मादी दहा-बारा अंडी घालते, २८ दिवस जमिनीवरच्या घरट्यात बसून राहते. निम्म्याहून अधिक घरटी रॅकून वगैरे मंडळी फस्त करतात. जी पिलं निघतात, त्यांतली बरीच पहिल्या दोन आठवड्यांतच जातात. एवढं सगळं पार करून ऑक्टोबर गाठलेली मादी म्हणजे पुढच्या वर्षीचं फिक्स्ड डिपॉझिट. ती मारली म्हणजे एक पाखरू गेलं, एवढाच हिशेब होत नाही.

पानगळीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं असं, की हिवाळ्यात यांतली काही पाखरं नाहीतरी मरणारच. मग काही आम्ही नेली तर काय बिघडलं? यात तथ्य आहे, पण मर्यादेत. पानगळीत साधारण दहा टक्क्यांहून जास्त पाखरं मारली गेली तर संख्या घसरते, असं मिझुरीतल्या १९९०च्या दशकातल्या अभ्यासांतून पुढे आलं.

हरवलेल्या पिलाची शीळ

आकड्यांचं एक वेळ सोडा. मला खटकते ती पद्धत. पानगळीत माद्या आणि त्यांची वर्षभराच्या आतली पिलं थव्याने फिरतात. शिकारी थव्यावर धावून जातो (काही राज्यांत कुत्रा सोडतात), पाखरं चहूबाजूंना उधळतात. मग तो तिथेच झाडाला टेकून बसतो आणि तोंडातल्या छोट्या शिट्टीने 'की-की-की' अशी शीळ घालतो. ती हरवलेल्या पिलाची हाक असते. थवा पुन्हा एकत्र यायला धडपडतो आणि बंदुकीच्या टप्प्यात येतो.

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. डेटाबेसवाला म्हणाला, "वसंतात मी मादीचा आवाज काढून नराला फसवतो, तेव्हा तुला काही वाटलं नाही!" पॉइंट होता. पण माझं उत्तर अजून तेच आहे. प्रेमात फसणं आणि घरच्यांना शोधताना फसणं, या दोन गोष्टी मला एका तागडीत घालता येत नाहीत. त्याच्या मते मात्र पेनसिल्व्हेनिया-व्हर्जिनियातली ही सगळ्यात जुनी, सगळ्यात कसबाची शिकार आहे. त्याचे आजोबा हेच करायचे. पेनसिल्व्हेनियात वसंतातला मोसम सुरू झाला तोच मुळी १९६८मध्ये.

आकडे घसरले तेव्हा

गेल्या वीसेक वर्षांत अनेक राज्यांत टर्की पुन्हा कमी होऊ लागली. घटती माळरानं, ओले वसंत, अंडीचोर प्राणी... कारणं अनेक आहेत आणि शिकार हे त्यांतलं एकच. पण पाऊस काही मीटिंग घेऊन थांबवता येत नाही, शिकार थांबवता येते. न्यू यॉर्कने २०१५मध्ये पानगळीचा मोसम दोन आठवड्यांवर आणला आणि माणशी एकच पाखरू ठेवलं. पेनसिल्व्हेनियाने २०२१मध्ये या मोसमातून रायफल बाद केली. कॅन्ससने २०२३मध्ये पानगळीची शिकार थांबवली. या निर्णयांना शिकाऱ्यांमधूनही पाठिंबा होता, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आमचा डेटाबेसवालाही आता पानगळीत मादीवर बंदूक उचलत नाही. कायद्याने चालतं, तरी नाही. "परवान्याचे पैसे भरतो, जंगलात बसतो, मोजतो आणि परत येतो," म्हणतो.

आणि प्लेटमधली टर्की?

आता आपल्यासारख्यांचा नंबर. थँक्सगिव्हिंगच्या पार्टीत मी टर्की खातो. ती सुपरमार्केटमधली, पांढऱ्या पिसांची. छाती एवढी भारी वाढवलेली, की तिला नैसर्गिकरीत्या जुगताही येत नाही, कृत्रिम रेतन करावं लागतं. अमेरिकेत वर्षाला अशी वीस कोटींच्या आसपास पाखरं वाढवली जातात. तिच्या आयुष्याबद्दल मी कधी कुणाशी भांडलो नव्हतो.

म्हणून माझं मत आता असं आहे. मोजदाद पक्की असेल, संख्या पेलणारी असेल, तर शिकारीला सरसकट नाकं मुरडण्याचा हक्क निदान प्लेट पुढे करणाऱ्या मला नाही. पण जिथे पाखरू घटतंय, तिथे पानगळीतली मादी सोडून द्यावी. वाचवलं म्हणून मारण्याचा हक्क मिळतो, हे मला पटत नाही. वाचवलं म्हणून थांबण्याची जबाबदारी येते, हे पटतं. तुम्हाला काय वाटतं?

चौकट : टर्की टाइमपास

* इंग्रजीत 'टर्की', पण तुर्की भाषेत या पाखराला म्हणतात 'हिंदी'! मूळचं दोन्हीकडचं नाही, अमेरिकेतलं.
* १६१२मध्ये मुकर्रब खानाने जहांगीर बादशहाला एक टर्की आणून दिली, ती थेट आपल्या गोव्याहून. उस्ताद मन्सूरने काढलेलं मानलं जाणारं तिचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.
* रानटर्की चांगली उडते आणि रात्री झाडावर झोपते.