कंपायलरचें स्थलांतर आणि स्वयंसेवकांचा मेळ



ठाण्याहून बेलापूरकडे निघालें म्हणजे वाटेंत पावणें लागतें. एके काळचें हें खाडीकांठचें गांव आज औद्योगिक महामंडळाच्या कारखान्यांनीं वेढलेलें आहे. तेथील एखाद्या कारखानदारानें आपलें यंत्र दुसऱ्या जागीं हलवावयाचें ठरविलें, तर तें नुसतें उचलून ठेवल्यानें काम भागत नाहीं. नव्या जागेंतील विजेचा दाब, पाण्याचा नळ, सांडपाण्याची वाट हें सारेंच निराळें असतें. यंत्र तेंच राहतें. जोडण्या मात्र नव्यानें कराव्या लागतात. आजचा विषय याच जातीचा आहे.

संगणकास आंकड्यांत लिहिलेल्या आज्ञांखेरीज कांहींच कळत नाहीं. माणूस ‘सी’सारख्या भाषेंत लिहितो, आणि त्या लिखाणाचें यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमास कंपायलर म्हणतात. स्मृति, फायली, पडदा, छापयंत्र यांची व्यवस्था पाहणारा जो यंत्राचा कारभारी, ती ऑपरेटिंग सिस्टिम. कारभारी बदलला कीं फायलींच्या नांवांची रीत बदलते, तयार झालेला प्रोग्रॅम कोणत्या सांच्यांत ठेवावयाचा तो सांचा बदलतो, आणि कारभाऱ्याकडे मागणी करण्याची भाषाहि बदलते. एका कारभाऱ्याच्या हाताखालीं वाढलेला कंपायलर दुसऱ्याकडे नेणें म्हणजे या सर्व जोडण्या पुन्हा करणें होय.

यांत एक मौज आहे. कंपायलर हाहि एक प्रोग्रॅमच असल्यामुळें त्याचेंहि रूपांतर कोणा कंपायलरनेंच करावयाचें असतें. म्हणून प्रथम जुन्या कंपायलरकडून नवा तयार करवितात. त्या नव्याकडून तोच पुन्हा तयार करवितात. आणि मग तिसऱ्यांदा. दुसऱ्या व तिसऱ्या फेरींतील फळ तंतोतंत जुळलें नाहीं, तर कोठें तरी चूक आहे असें समजावें.

रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८७ सालीं ‘जीसीसी’ हा कंपायलर सर्वांस खुला केला. तो युनिक्स पद्धतीच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठीं लिहिलेला होता. पुढें डी. जे. डेलोरी यांनीं त्यांस एका सभेंत विचारलें कीं, हा डॉसवर नेतां येईल काय? स्टॉलमन यांनीं नकार दिला. जीसीसी फार मोठा, आणि डॉस पडली सोळा बिटांची. डेलोरी यांनीं १९८९ मध्यें तें काम हातीं घेतलें आणि तडीस नेलें. तिकडे एबरहार्ट मॅटेस यांनीं ओएस-टू या ऑपरेटिंग सिस्टिमसाठीं स्वतंत्र स्थलांतर केलें. विंडोजची पाळी आली तेव्हां तर वाटाच दोन झाल्या. ‘सिग्विन’ने विंडोजवर युनिक्सचा देखावा उभा केला, म्हणजे जुने प्रोग्रॅम फारसे न बदलतां चालावे, ‘मिनजीडब्ल्यू’ने देखावा टाकून विंडोजच्याच रीति पत्करल्या.

येथें वाचक-श्रोत्यांस वाटेल कीं, एकाच विंडोजसाठीं दोन मंडळ्यांनीं राबावें हा श्रमाचा अपव्यय झाला. माझें मत तसें नाहीं. या दोघांचा हेतूच भिन्न होता, आणि भिन्न हेतूंस बळेंच एका दावणीला बांधल्यास दोन्हीं कामें लुळीं पडतात. अपव्यय खरा होतो तो दुसरीकडे. एकच जोडणी चार गांवीं चार जण करतात, परस्परांस पत्ता नसतो, आणि प्रत्येक जण आपली दुरुस्ती स्वतःच्या प्रतींत ठेवून देतो. मूळ कंपायलरची नवी आवृत्ति निघाली कीं त्या चारहि दुरुस्त्या पुन्हा पहिल्यापासून बसवाव्या लागतात. उत्साह ओसरला कीं ती प्रत तेथेंच कुजते. मूळ प्रतींत न पोंचलेलें स्थलांतर हें त्या एका माणसाच्या सवडीवर जगत असतें.

तेव्हां मेळ घालणाऱ्याचें मुख्य काम हुकूम सोडणें हें नव्हे. कोणी काय हातीं घेतलें आहे याची यादी सर्वांसमोर ठेवावी. दुरुस्त्या लहान लहान मागवाव्या, म्हणजे तपासणारास त्या वाचतां येतील. एका ऑपरेटिंग सिस्टिमपुरता बदल तिच्या स्वतंत्र फायलींत ठेवावा, मूळ गाभ्यांत जागोजाग विखरूं नये. आणि आपल्या बदलानें दुसऱ्याचें मोडत नाहीं हें चांचण्यांच्या निकालानें दाखवावें. जीसीसीच्या प्रतींत कोणता भाग कोण सांभाळतो याची फाईलच ठेवलेली असते.

परंतु मूळ प्रतीचें दारच अरुंद असेल तर? जीसीसीवर ती वेळ आली. नव्वदीच्या दशकांत आंत काम करणारे थोडे, बाहेर दुरुस्त्या घेऊन ताटकळणारे पुष्कळ. पेंटियम यंत्रासाठीं एक मंडळी वेगळी प्रत चालवी, फोर्ट्रान भाषेसाठीं दुसरी. अखेर १९९७ च्या ऑगस्टमध्यें ‘ईजीसीएस’ या नांवानें एक समाईक प्रत निघाली व विखुरलेलीं कामें तिच्यांत येऊं लागलीं. तिचा कारभार एका समितीकडे होता. भांडण विकोपास जाण्याऐवजीं १९९९ च्या एप्रिलांत मूळ संस्थेनें याच समितीच्या हातीं जीसीसी सोंपविला, आणि जुलैंत २.९५ ही एकत्र आवृत्ति बाहेर पडली. फुटून निघालेल्यांस घरचा कारभार मिळावा असें क्वचितच घडतें! तरीहि लेखनाचे हक्क संस्थेच्या नांवें करून देण्याची अट पुढें बरींच वर्षें राहिली. ती २०२१ मध्यें सैल झाली.

आपल्याकडे या विद्येचें ठिकाण म्हणजे खाडीपलीकडील पवई. तेथील आय. आय. टी. मध्यें प्राध्यापक उदय खेडकर यांच्या पुढाकारानें जीसीसीच्या अभ्यासाचें केंद्र उभें राहिलें, आणि २०११ व २०१२ मध्यें त्याच्या अंतरंगावर शिकवणीवर्ग भरले. लाखों ओळींच्या ग्रंथांत नवखा माणूस हरवतो; कोणत्या यंत्राच्या वर्णनापासून कोणता भाग निर्माण होतो हें कळल्यावांचून त्याला दुरुस्ती सुचणार कशी? स्वयंसेवकांची टंचाई म्हणतात ती पुष्कळदां वाचतां येणाऱ्यांची टंचाई असते.

तिचा प्रत्यय अलीकडेच आला. २०२४ च्या चौदाव्या आवृत्तींत ‘इटॅनियम’ या यंत्रासाठींच्या भागावर, त्यास वाली नाहीं म्हणून, ‘कालबाह्य’ असा शेरा बसला, व पुढील आवृत्तींत तो भाग समूळ काढणार असें जाहीर झालें. तेवढ्यांत तो सांभाळण्यास एक स्वयंसेवक पुढें आला, आणि २०२५ च्या पंधराव्या आवृत्तींत तो शेरा मागें घेण्यांत आला.