नागलीची लाज कशाला?

नागलीची भाकरी काळी म्हणून मुले नाक मुरडतात आणि पाहुणा आला की आपणही ती झाकून ठेवतो. मोखाडा-जव्हारच्या डोंगरउतारावर पिकणाऱ्या या धान्याची लाज आपण सोडली पाहिजे. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात ते जेमतेम १० असते. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, हे आपण विसरू शकत नाही. घरात जे आहे ते मुलांच्या पोटात नीट गेले पाहिजे.

भगवान बुद्धांनीही पेजेचे गुण सांगितले आहेत. पेजेने भूक भागते, तहान शमते, अन्न पचते, असे विनयपिटकाच्या महावग्गात आहे. तेव्हा पेज म्हणजे गरिबाचे हलके अन्न, असे कोणी म्हणू नये.

आंबील : रात्री ३ चमचे नागलीचे पीठ वाटीभर पाण्यात कालवून झाकून ठेवावे. सकाळी ३ वाट्या पाणी उकळून त्यात मीठ, जिरे व ठेचलेला लसूण टाकावा. कालवलेले पीठ ढवळत ओतावे. मंद आचेवर १० मिनिटे शिजवावे. निवल्यावर ताक घालावे. उन्हात कामाला जाणाऱ्यास ही आंबील चहापेक्षा बरी.

मोडाच्या पिठाची खीर : नागली धुऊन रात्रभर भिजवावी. फडक्यात बांधून मोड आणावेत, वाळवावी, मंद भाजून दळावी. २ चमचे पीठ थंड पाण्यात कालवून पेलाभर पाण्यात किंवा दुधात शिजवावे. गूळ घालावा. मोडाच्या पिठाची पेज लवकर घट्ट होत नाही. म्हणून तेवढ्याच वाटीत पीठ जास्त मावते आणि लहानग्याच्या पोटात अन्न अधिक जाते. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधासोबत ती द्यावी. वर्षाच्या आतील बाळाला मात्र गूळ-मीठ न घालता द्यावी.

काही सूचना : आख्खी नागली कोरड्या जागी वर्षानुवर्षे टिकते, पीठ मात्र महिन्यापुरतेच दळावे. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाताना थोडे मोडाचे पीठ डब्यात भरून न्यावे. भट्टीवर चूल असते, पण मुलाकडे पाहायला वेळ नसतो. ही पेज लवकर होते.

मूल सुकत चालले, पायावर सूज आली, तर पेजेवर विसंबू नये. त्याच दिवशी अंगणवाडीताईंना सांगून दवाखाना गाठावा.

सुजातेने दिलेल्या खिरीने सिद्धार्थाच्या थकलेल्या देहात बळ आले. आपल्या घरातील चुलीवरची वाटीभर खीरही तेच काम करते. भगिनींनो, ती पाहुण्यापुढेही अभिमानाने ठेवा.